पलंगाखालचा सूर

माझं अक्षर वाकडं आहे. ओळ सरळ जात नाही, वेलांट्या कधी पहिल्या पडतात कधी दुसऱ्या. चौथीपर्यंत शिकले, मग माझी पाटी धाकट्या भावाकडे गेली. जो कोणी हे वाचेल, बहुधा माझी मुलगी रेणूच वाचेल, त्यानं चुका पोटात घालाव्या. ही वहीसुद्धा तिचीच आहे. पुढच्या पानांवर तिनं अकरावीत काढलेला बेडूक आहे, मागची पानं कोरी होती, ती मी घेतली. तोंडानं सांगता आलं असतं तर लिहिलं नसतं. पण चार माणसांत माझा आवाज निघत नाही, आणि सांगायचं आहे ते सगळं आवाजाचंच आहे.

गेल्या महिन्यात रेणूबरोबर नागपुरात रामदासपेठेत गेले होते. ती तिथे एका दवाखान्यात कामाला आहे. तिथल्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना विजेवर चालणारी जुनी वाद्यं गोळा करायचा नाद आहे. दवाखान्याच्या वरच त्यांचं घर, आणि घरातली एक खोली फक्त त्या वाद्यांची. रेणूला त्यांना एक फाइल द्यायची होती म्हणून मीही जिना चढले. चपला दाराशी काढल्या आणि दाराशीच उभी राहिले.

भिंतभर पेट्या होत्या. काहींना हार्मोनियमसारख्या पट्ट्या, काहींना नुसत्या गोल घुंड्या, काहींच्या अंगावरून रंगीत वायरी लोंबत होत्या. डॉक्टरांनी कौतुकानं एक चालू केली. आवाज नंतर आला, आधी वास आला. तापलेल्या धुळीचा, आणि त्या धुळीखाली राळेचा. मग त्या काळ्या चपट्या पेटीतून ढोल वाजायला लागला. पेटीवर सोळा बटणं एका ओळीत होती, त्यांच्यावरून एक लाल दिवा पळत होता, आणि जे बटण दाबलेलं असेल तिथे ठोका पडत होता.

"आमच्याकडे खिळे होते," मी म्हणाले.

कशी म्हणाले, मला कळलं नाही. रेणू माझ्याकडे बघतच राहिली. डॉक्टर वळले.

"काय होतं, मावशी?"

"बटणांच्या जागी. पितळेचे खिळे."

"कोणत्या कंपनीचं होतं?"

"घरचं," मी म्हणाले, आणि पदर तोंडाला लावला.

बेसाला घरी परत येताना रेणू ऑटोत सारखी विचारत होती. मी मनानं खापरखेड्याला पोचले होते.

खापरखेड्याच्या कॉलनीत आमचं क्वार्टर शेवटच्या ओळीत होतं. भिंतीमागे डीपी होती, विजेचा मोठा ट्रान्सफॉर्मर. ती दिवसरात्र एकाच सुरात घुमायची. पाहुणे आले की कान टवकारायचे, "हे काय वाजून राहिलं?" आणि आम्ही विचारायचो, "काय?" आम्हाला ते ऐकूच येत नसे. लेकरं त्या आवाजात जन्मली, त्या आवाजात पाळण्यात झोपली. माहेरी गेले की दुपारी माझा डोळा लागत नसे. कान रिकामे वाटत, जसा दागिना काढला की गळा रिकामा वाटतो.

रेणूचे बाबा पॉवर स्टेशनात विजेच्या कामावर होते. सकाळची पाळी सुटली की अडीचच्या सुमाराला सायकल दाराला टेकायची. जेवण झालं की खिडकीखाली चटई. चटईवर इंग्रजी मासिकातून पतंगाच्या कागदावर उतरवून घेतलेला नकाशा, सोल्डरिंग आयर्न, आणि राळेची डबी. आयर्न राळेत टोचलं की निळा धूर निघायचा. माझ्या आजोळी तीच राळ निखाऱ्यावर टाकत, म्हणून मला तो धूर घरचाच वाटे. शेजारची म्हणायची, "तुमच्या घरी रोज पाहुणे येऊन राहिले काय, धूप लावून राहिल्या?"

त्यांना ढोलकी वाजवणारं यंत्र बनवायचं होतं. का, ते मी कधी विचारलं नाही. स्वतः त्यांना तालाचं अंग नव्हतं. कार्यक्रमात त्यांची टाळीसुद्धा एकटी पडायची, सगळ्यांची थांबली की यांची वाजायची. पण वीज त्यांना कळायची.

नागपूरच्या बर्डी बाजारातून ते कागदाच्या पुडीत बारीक बारीक सामान आणायचे. त्यावर इंग्रजी लिहिलेलं असे, काहींवर नुसत्या रंगाच्या रेघा. ठेवायला जागा नव्हती म्हणून मी माझा जुना मसाल्याचा डबा दिला. हळदीच्या वाटीत एक जात, तिखटाच्या वाटीत दुसरी. कितीही धुतला तरी हळद गेली नाही, सगळ्या सामानाला थोडी थोडी लागली. इंग्रजी मला येत नव्हतं, पण रंग येत होते. हातभर बांगड्या भरताना आपण कशी ओळ लक्षात ठेवतो, तसंच.

"रेणूची आई, पिवळा-जांभळा-नारिंगी."

मी द्यायची.

"तपकिरी-काळा-लाल."

मी द्यायची. त्यांची मान खाली, माझीही खाली. आम्ही दोघं इतके जवळ बसायचो की आयर्नची ऊब दोघांच्या हाताला लागायची. लग्नानंतर एवढा वेळ एकमेकांजवळ दुसऱ्या कुठल्या कामानं बसल्याचं मला आठवत नाही.

पहिला ठोका निघाला तो विहिरीत खडा पडल्यासारखा. "आता?" ते विचारायचे. "आता मडकं वाजून राहिलं." घुंडी फिरवायचे. "आता?" "अजून मडकंच, पण मोठं." तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "हा आता ढोलकीचा डावा हात." त्यांनी आयर्न खाली ठेवलं आणि घुंडीच्या जागी पेन्सिलीनं फूल काढलं. झांजेच्या आवाजाला त्यांनी दहातला एक बिघडलेला ट्रान्झिस्टर शोधला. चांगले नऊ चूप बसायचे, तो बिघडलेला एकटाच तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा सळसळायचा.

यंत्राचं सगळं पोट बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवलं. वर माझ्या लग्नातला पाट. पाटावर खिळ्यांच्या चार ओळी ठोकल्या, ओळीत सोळा. एक ओळ डाव्या हाताची, एक उजव्याची, एक झांजेची, एक टाळीची. वायरींना बारीक चिमटे. चिमटा ज्या खिळ्याला चावेल तिथे ठोका पडेल. त्यांनी मोठ्या उत्साहानं चिमटे लावले आणि चालू केलं.

मी हसले.

"काहून वं, हसून राहिली?"

"ढोलकी नाही वाजून राहिली ही. दळण दळून राहिली."

"मग तू लाव."

माझे वडील गावच्या भजनात ढोलकी वाजवायचे. आम्हा मुलींना हात लावू देत नसत. मी दाराआड बसून ऐकायची आणि मांडीवर बोटं चालवायची. वडील नव्या वाजवणाऱ्याला सांगायचे, हात कुठे मारतो ते कोणीही शिकतो, हात कुठे थांबतो ते शिक. तेवढंच शिक्षण माझं चौथीच्या पुढचं. मी चिमटे काढले आणि पुन्हा लावायला लागले. मला कशिदा येत होता, खिळे म्हणजे कापडाची घरंच होती. एक घर भर, दोन सोड, एक भर. अकरावं घर सगळ्या ओळींत रिकामं ठेवलं.

ते चालू झालं आणि रेणूचे बाबा उठून उभे राहिले. रेणू तेव्हा दोन वर्षांची, ती नागडीच नाचायला लागली. अकराव्या घराशी ठेका श्वास घ्यायचा, आणि तिचा पाय तिथे बरोबर हवेत थांबायचा.

एक सूरही होता त्यात, मागे सलग धरून ठेवायला. त्याला बाजूनं एक स्क्रू होता. "याचा सा लावून दे," ते म्हणाले. घरात हार्मोनियम नव्हती. मी स्क्रू फिरवत गेले. सूर वर जायचा, खाली यायचा, कुठेतरी टोचत राहायचा. मग एका जागी तो दिसेनासा झाला. घरात विरघळला. "लागला," मी म्हटलं. सा म्हणजे असाच असणार, जो लागला की कानाला काही उरत नाही, असं मला वाटलं. मी तो भिंतीमागच्या डीपीशी मिळवला आहे, हे ना मला कळलं ना त्यांना.

नदीपलीकडच्या गावात अंजनाबाई राहत. त्यांची स्वतःची गायन पार्टी होती. बाईची पार्टी, त्यामुळे ढोलकीवाले टिकत नसत. पन्नाशीच्या आत-बाहेरची उंच बाई, चष्म्याला दोरा बांधलेला, आवाज असा की भोंगा नसला तरी चालेल. भीमजयंतीच्या आधी त्या आमच्याकडे मशीन ऐकायला आल्या. चहा बशीत ओतत म्हणाल्या, "ढोलकीवाला अन् जावई, दोघंही जयंतीच्याच दिवशी रुसतात. हे रुसत त नाही ना गा?"

"सेल असले की नाही रुसत," रेणूचे बाबा म्हणाले.

जयंतीला त्या गावच्या मैदानात मंडप पडला होता. निळे झेंडे, निळ्या पताका, ओल्या मातीचा सडा, खिरीचा वास. मी बायकांत मागे बसले. मशीन चालू झालं. त्या मैदानात डीपी नव्हती. घरात जो सूर मला कधी ऐकू आला नव्हता, तो उघडा पडल्यासारखा सगळ्या गावासमोर उभा होता. पेटीवाले देवराव एक पट्टी दाबत, ती खाली पडे. पुढची काळी दाबत, ती वर जाई. यंत्राचा सूर दोघींच्या मधे.

"हा कोन्त्या गावचा सूर होय गा?" देवरावांनी माइकमध्येच विचारलं. मंडप हसला. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. रेणूचे बाबा घाईनं स्क्रू शोधायला लागले.

"हात नको लावू," अंजनाबाई म्हणाल्या. "देवराव, तू पेटी बंद कर."

"अन् मी काय करू?"

"तू ऐक."

त्यांनी डोळे मिटले. मग त्यांनी त्या सुरावर आपला सूर असा ठेवला, जसं भरल्या माठावर कोणी हलकेच झाकण ठेवावं. फट राहिली नाही. ठेका सुरू झाला, आणि अकराव्या घराशी त्या थांबल्या, आणि सगळा मंडप थांबला, आणि पुन्हा सगळे मिळून पुढे गेले. एवढी माणसं माझ्या एका सोडलेल्या घराशी थांबली. मी कोणालाच सांगू शकत नव्हते. मांडीवर बोटं चालवत बसले.

गाणी संपल्यावर रेणूच्या बाबांनी सगळ्यांत मोठ्यानं सांगितलं, "ठेका हिनं भरला. सूरही हिनंच लावला."

"तू?" अंजनाबाईंनी चष्मा वर केला. "कुठून आणला वं हा सूर?"

मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. तेव्हा कुठे रेणूच्या बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते कपाळाला हात लावून हसत सुटले. "अवो बाई, घरामागच्या डीपीतून आणला हिनं!"

आठ दिवसांनी अंजनाबाई पुन्हा आल्या. रुमालात पंधराशे रुपये बांधलेले. पार्टीनं वर्षभर गाऊन जमवलेले. "मले असंच एक बनवून दे. पेटीवाल्याच्या सुरात नाही. याच सुरात." रेणूचे बाबा म्हणाले, हे पहिलं घरी राहू द्या, तुम्हाला याच्याहून चांगलं देतो, लोखंडी पेटीत. पेटी केलीसुद्धा. हिरवा रंग दिला, अंगणात वाळत ठेवली. भोकं पाडून झाली होती, घुंड्या बसायच्या होत्या.

त्याच वर्षी, दसऱ्याला पंधरा दिवस असताना, रेणूचे बाबा गेले. कसे गेले ते मी लिहीत नाही. हिरव्या पेटीची भोकं तशीच राहिली.

पहिलं मशीन खिडकीत होतं. रेणूचे बाबा ठेका बंद करत, पण सूर बंद करत नसत. "चालू राहिलं की बिघडत नाही," म्हणायचे. आवाज इतका बारीक ठेवत की डीपीच्या घुमण्यात तो बुडून जाई. मी तो बंद केला नाही. सेल संपत आले की बदलत होते. कोणाला ऐकू येत नव्हता, मलाही नाही. पण पाटावर तळहात ठेवला की कळायचं. आत कोणीतरी आहे असं वाटायचं. दिवसातून किती वेळा हात ठेवत होते, मोजलं नाही.

तेराव्या-चौदाव्या दिवशी दुपारी खिडकीतून अंजनाबाई येताना दिसल्या. एकट्याच, हातात केळी. मी काय केलं ते आता लिहिते. मी मशीन उचललं आणि पलंगाखाली सरकवलं. गोधडी जमिनीपर्यंत ओढली. त्यांचे पैसे हिरव्या पेटीत आणि पुड्यांत गेले होते. त्यांनी म्हटलं असतं, ते नाही तर हे दे, तर मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. न्यायानं ते त्यांचंच होतं. आणि मला ते द्यायचं नव्हतं.

त्या बसल्या. रेणूला मांडीवर घेतलं, केळं सोलून दिलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी पाणी दिलं. त्यांनी पेला तोंडाला लावला, आणि लाइन गेली. बाहेर तारांवर काम होतं, तासभर बंद राहणार होती.

डीपी थांबली.

त्या घरात इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. आणि त्या शांततेत, पलंगाखालून, तो सूर आला. बारीक, सरळ, एकटा. सेलवर चालत होता, त्याला लाइन गेल्याचं काय.

अंजनाबाईंचा पेला तोंडाशी थांबला. त्यांनी पलंगाकडे पाहिलं. मी माझ्या पायांकडे. रेणू केळं खात होती, तेवढा मचमच आवाज. मग त्यांनी पाणी संपवलं, पेला खाली ठेवला.

"येते वं," म्हणाल्या. पैशाचं काही नाही. मशीनचं काही नाही.

त्यांना ऐकू गेलं की नाही, हे मला तीस वर्षं कळलं नाही. कधी वाटे, म्हातारपणाकडे झुकलेली बाई, नसेल गेलं. कधी वाटे, ज्या बाईनं डोळे मिटून तो सूर मैदानात पकडला, तिला नाही जाणार तर कोणाला.

पुढच्या जयंतीला त्यांनी टाळ्यांवर गाणी म्हटली असं ऐकलं. त्यानंतर पार्टी मोडली असंही ऐकलं. मी क्वार्टर सोडलं, नागपूरला आले, शिलाई केली, रेणूला शिकवलं. कुठे बाईमाणसाचा आवाज लाउडस्पीकरवर आला की मी खिडकी लावून घ्यायची. पंधराशे रुपये माझ्याजवळ कितीदा तरी जमले. पैसे नव्हते असं नाही. तिकडे जायला पाय नव्हते.

नवीन जागांमध्ये मला तो आवाज कधी सापडला नाही. मी सेल घालणं केव्हा सोडलं तेही आठवत नाही. मशीन त्याच गोधडीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत गेलं. मधेच कधी कपडे काढताना हात लागे, पाटावर तळहात ठेवायची, आणि पाट नुसता लाकडासारखा थंड लागायचा.

डॉक्टर मागच्या आठवड्यात मशीन बघायला बेसाला आमच्या फ्लॅटवर आले. मी गोधडी सोडली. ते चटईवरच बसले, पेचकसानं डबा उघडला आणि खूप वेळ आत पाहत राहिले. हसले नाहीत.

"मावशी, हे पिवळं काय लागलंय सगळ्याला?"

"हळद."

सेल फुटून गंजले होते, दोन वायरी सुटल्या होत्या. डॉक्टरांनी आपलं आयर्न काढलं. "द्या इकडे," मी म्हटलं. हातानं आपोआप केलं. राळेचा धूर निघाला आणि मला वाटलं, आता सायकल दाराला टेकेल.

"आई, तुला हे येतं?" रेणू म्हणाली. तिशी ओलांडलेली माझी पोर, तिला माहीत नव्हतं. मी कधी सांगितलंच नव्हतं.

सेल घातले. ठेका तसाच होता, चिमटे तेव्हाचे तिथेच चावून होते. सूर मात्र खाली घसरला होता, ओळखू येत नव्हता. मी स्क्रू हातात धरून बसले. कुठे नेऊ त्याला? डीपी तर तिकडे राहिली. तेवढ्यात स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला. मी उठले, फ्रिजला कान लावला. मग येऊन स्क्रू फिरवला, हळू, हळू. आणि सूर दिसेनासा झाला. घरात विरघळला.

डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे. वीज सगळीकडे एकाच वेगानं थरथरते, मावशी. तुमच्या डीपीचा सूर देशातल्या प्रत्येक फ्रिजमध्ये आहे."

तीस वर्षं मी समजत होते की तो तिकडेच राहिला. तो माझ्या ओट्याशेजारी घुमत होता आणि मी त्याच्यावर दुधाची पिशवी ठेवत होते.

डॉक्टरांनी मशीनची किंमत सांगितली. एवढे पैसे मी एकदम कधी पाहिले नाहीत. त्यांनी कागद काढला, रेणूनं वाचून दाखवला. ही वस्तू माझी आहे, हिच्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, खाली सही. मी पेन घेतलं. माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, आणि हात पुढे जाईना.

"दोन दिवस द्या," मी म्हटलं.

रेणूला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली.

पॉवर स्टेशनची चिमणी लांबूनच दिसली. कॉलनीकडे मी वळले नाही, सरळ पूल ओलांडला. अंजनाबाई नातवाच्या घरी, ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. आता बुटक्या झालेल्या. चष्म्याला अजून दोराच.

"जय भीम," मी म्हटलं. "ओळखलं काय? रेणूची आई. कॉलनीतली."

त्यांनी मान पुढे काढली. "मशीनवाल्याची बायको?"

"हो."

"बस. लवकरच आली."

रेणूला हसू आलं. मला रडू आलं. मी गोधडी सोडली आणि मशीन त्यांच्या पायाशी ठेवलं.

"बाई, तुम्ही घरी आल्या तेव्हा हे होतं. पलंगाखाली होतं. मी लपवलं."

"मले काय सांगून राहिली? लाइन गेली, सारं घर चूप झालं, अन् तुहा पलंग गाऊन राहिला होता."

"मग मागितलं काहून नाही?"

"मागाले तोंड उघडलं होतं." त्या पाटावरच्या खिळ्यांवरून बोट फिरवत होत्या. "मग मनात आलं, हिच्या घरात त्या माणसाचा एवढाच आवाज उरला. तो कसा मागू? पाणी पिली अन् निघाली. पण राग होता वं. लय दिवस होता. त्या जयंतीले टाळ्यांवर गाणी म्हटली, माह्या सुनेचे हात सुजले. दोन वर्सं ओढली तशीच पार्टी, मग सोडली."

खरं होतं ते. "आता हे घ्या," एवढंच म्हटलं. "तुमचंच आहे."

"माह्यं कुठं? माह्यं त बनलंच नाही. हिरवं बनणार होतं. जे बनलं नाही त्याचे पैसे देजो मले. हे तुहं होय." मग डोळे बारीक केले. "विकते काय?"

"नाही," मी म्हटलं. आणि म्हटल्यावर मला कळलं की खरंच विकायचं नाही. डॉक्टरांनी येऊन हवं तेवढं ऐकावं, आवाज भरून न्यावा. पण पाट घरी राहील.

"मग लाव."

त्यांनी नातसुनेला पंखा बंद करायला सांगितला. मी सूर सोडला. त्या ओसरीवर तो पुन्हा उघडा पडला, मैदानातल्यासारखा. पण या वेळी मी पदर ओढला नाही. अंजनाबाईंनी डोळे मिटले. आवाज आता वाळल्या पानासारखा झाला आहे, मधेच फाटतो, मधेच नुसता वारा येतो. पण जिथे ठेवायचा तिथेच ठेवला. मी ठेका सुरू केला. एक कडवं झालं. अकराव्या घराशी त्या थांबल्या, मीही थांबले, आणि रेणूचा हात तिच्या मांडीवर हवेत थांबलेला मी पाहिला. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

खोकला आला म्हणून गाणं तिथेच राहिलं.

मी कमरेचा रुमाल काढला. त्यांचाच, ज्यात त्यांनी पैसे बांधून आणले होते. मी तो दर वर्षी धुऊन ठेवत होते. त्यात पाचशेच्या तीन नोटा होत्या, शिलाईच्या. त्यांनी रुमाल ओळखला. बोट ओलं करून मोजलं, एक, दोन, तीन. मग रुमाल झटकून पाहिला.

"अन् व्याज?"

तोंडात एकही दात नव्हता त्यांच्या, ते सगळं तोंड उघडून त्या हसल्या.

"ते वाजवलं ना आत्ताच."

नोटा घडी करून त्यांनी कमरेला खोचल्या, वरून हात दाबून पाहिला.

"आले वं पंधराशे," म्हणाल्या. "पुरे आले."